कोळ्याची अंडी : उबवण, पारख आणि हिशेब

(द्वितीय वर्ष, वाणिज्य शाखा)

दिवाळीच्या आधी घर झाडायला काढले की तसबिरीच्या मागे पांढऱ्या कागदाच्या टिकलीसारखे काहीतरी भिंतीला चिकटलेले सापडते. आपण ते केरसुणीने ओढतो आणि केरात टाकतो. ती टिकली म्हणजे कोळ्याच्या मादीने विणलेली अंड्यांची पिशवी असते, हे फार थोड्यांच्या ध्यानात येते. ह्याच प्रकारची, पण लिंबाएवढी किंवा त्याहून लहानमोठी पिशवी टॅरँटुला नावाचे मोठे, केसाळ कोळी विणतात. जर्मनी, इंग्लंड, अमेरिका इत्यादी देशांत हे कोळी हौसेने पाळले जातात, आणि त्यांची अंडी घरच्या घरी उबवण्याची एक रीतच तेथे तयार झाली आहे. त्या रीतीचा परिचय करून देणे हा प्रस्तुत लेखाचा हेतू आहे.

वाणिज्य शाखेच्या विद्यार्थ्याने हा विषय का घ्यावा, असा प्रश्न वाचकांना पडेल. उत्तर सोपे आहे. जिथे मोजदाद आहे, घट आहे, जोखीम आहे, वाट पाहणे आहे आणि शेवटी काहीतरी शिल्लक काढायची आहे, तिथे हिशेबशास्त्राचा संबंध येतोच. कोळ्याच्या अंड्यांत ह्या सर्व गोष्टी आहेत. शिवाय ज्या कोळ्याचे उदाहरण मी घेणार आहे तो आपल्याच देशातला असून परदेशी बाजारात त्याला मोठी किंमत आलेली आहे. तेव्हा प्राणिशास्त्राच्या मित्रांनी ही घुसखोरी क्षम्य मानावी.

नावाविषयी थोडेसे

आपल्या महाविद्यालयात दोन भाषा रोज कानावर पडतात, म्हणून एक गंमत सांगतो. मराठीत ह्या प्राण्याला 'कोळी' म्हणतात, म्हणजे जाळे टाकणारा. दुसरे नाव 'कातीण', म्हणजे सूत कातणारी. कन्नडमध्ये त्याला 'जेड' म्हणतात, आणि जेडर दासिमय्य ह्या वचनकारांच्या नावातील 'जेडर' म्हणजे विणकर. एका भाषेने जाळे पाहिले, तिनेच पुन्हा सूत पाहिले, आणि शेजारच्या भाषेने माग पाहिला. टॅरँटुला हवेत गोल जाळे बांधून माश्या धरीत नाही. तो बिळात किंवा झाडाच्या ढोलीत दबा धरून बसतो आणि भक्ष्यावर झडप घालतो. पण अंडी घालण्याची वेळ आली की त्याची मादी खरोखर विणकरीण होते. ह्या लेखापुरते 'कातीण' आणि 'जेड' हीच नावे अधिक खरी आहेत.

गुत्तीचा निळा कोळी

उदाहरणासाठी घेतलेल्या कोळ्याचे शास्त्रीय नाव पोसिलोथेरिया मेटॅलिका. अंगाचा रंग धातूसारखा निळा व त्यावर पांढरी-पिवळी नक्षी. रेजिनाल्ड पोकॉक ह्या ब्रिटिश प्राणिशास्त्रज्ञाने १८९९ मध्ये त्याचे प्रथम वर्णन केले. नमुना मिळाला होता गुत्ती येथे, रेल्वेच्या लाकडाच्या वखारीत. गुत्ती हे नाव मराठी वाचकाला नवे नाही. १८व्या शतकातील मुरारराव घोरपडे ह्यांचे ते ठाणे. हल्ली ते आंध्र प्रदेशात येते. परंतु हा कोळी मूळचा गुत्तीचा नव्हे. लाकडांच्या ओंडक्यांबरोबर तो गाडीने तेथे आला असावा असे अभ्यासक मानतात. त्यानंतर तब्बल १०२ वर्षे तो कोणा अभ्यासकाला दिसला नाही. २००१ मध्ये नंद्याल व गिद्दलूर ह्यांच्या दरम्यानच्या राखीव जंगलात तो पुन्हा सापडला. हे ठिकाण गुत्तीपासून सुमारे १०० किलोमीटर दूर आहे. २००८ मध्ये आंतरराष्ट्रीय निसर्ग संवर्धन संघाने त्याची नोंद 'अतिसंकटग्रस्त' ह्या वर्गात केली, कारण त्याचे ज्ञात वसतिस्थान १०० चौरस किलोमीटरपेक्षाही कमी होते आणि तेथील झाडे सरपणासाठी व इमारती लाकडासाठी तोडली जात होती.

हा झाडावरचा कोळी आहे. जुन्या झाडाला जी ढोली पडते तीत तो राहतो. झाड जुने नसेल तर ढोली नाही, आणि ढोली नसेल तर हा कोळीही नाही. ही गोष्ट लक्षात ठेवावी, लेखाच्या शेवटी तिची गरज पडेल.

पिशवी कशी तयार होते

नर प्रथम एक लहानसे जाळे विणून त्यावर आपले बीज सोडतो, आणि तोंडाजवळच्या दोन आखूड अवयवांच्या टोकांत ते भरून घेतो. मीलनाच्या वेळी हे बीज मादीच्या शरीरातील खास पिशव्यांत जाते. ते लगेच वापरले जात नाही. कित्येक आठवडे, कधी कित्येक महिने ते तेथे साठून राहते. ह्या काळात मादीने कात टाकली तर त्या पिशव्यांचे अस्तरही कातेबरोबर बाहेर पडते व साठवलेले बीज वाया जाते. म्हणून पाळणारे लोक मीलनाची तारीख आणि मागच्या कातेची तारीख दोन्ही लिहून ठेवतात. कात नुकतीच टाकली असेल तर पुढची दूर आहे, हा त्यातला मतलब.

वेळ आली की मादी आपल्या जागी जाड रेशमी चटई विणते, तीवर अंडी घालते, आणि अंडी बाहेर पडत असतानाच साठवणीतले बीज त्यांना मिळते. मग ती वरून दुसरी चटई विणते, कडा सोडवते आणि सगळ्याचा गोळा करते. अंड्यांची संख्या जातीप्रमाणे फार बदलते. गुत्तीच्या कोळ्याच्या पिशवीत साधारण शंभराच्या मागेपुढे अंडी असतात, तर ब्राझीलमधील एका मोठ्या जातीत ही संख्या दोन हजारांपर्यंतही जाते.

ह्यानंतर मादी पिशवी सोडून जात नाही. ती तिला पायांत धरून बसते, दिवसातून अनेकदा फिरवते, जागा फार कोरडी वाटली तर ओलसर बाजूला नेते आणि फार ओली वाटली तर परत आणते. ह्या काळात बहुतेक माद्या अन्नही घेत नाहीत. घरी खुडूक कोंबडी पाहिलेल्या वाचकांना हे वर्तन ओळखीचे वाटेल. फरक इतकाच की कोंबडी आपल्या अंगाची ऊब अंड्यांना देते. कोळ्याच्या अंगाला स्वतःची ऊब नसते; त्याची मादी हवेतील ऊब व ओल निवडते.

आईजवळ ठेवावी की काढून घ्यावी?

पाळणाऱ्यापुढे येणारा हा पहिला आणि सर्वांत कठीण प्रश्न. पिशवी आईजवळच ठेवली तर सगळे काम ती करते, आणि माणसापेक्षा चांगले करते. पण पिंजऱ्यातील मादी सहज बिथरते. कोणी टेबल हलवले, वारंवार झाकण उघडले, प्रकाश टाकला, तर ती पिशवी फाडून अंडी खाऊन टाकते. बीज न मिळालेली अंडी असली तरीही काही दिवसांनी ती तेच करते. तिच्या दृष्टीने हे शहाणपणाचेच आहे. जे भांडवल बुडणार आहे ते ती परत अंगात घेते.

पिशवी काढून घेतली तर हा धोका टळतो, पण मादीचे काम आपल्यावर येऊन पडते. अनुभवी पाळणाऱ्यांनी ह्यावर मध्यम मार्ग काढला आहे. पहिले सुमारे तीस दिवस पिशवी आईजवळ राहू द्यावी आणि मग ती काढून उघडावी. एव्हाना भ्रूणाच्या वाढीचा नाजूक काळ बराचसा आईच्या हातून पार पडलेला असतो. ज्यांच्याकडे शांत खोली आहे व संयम आहे ते मात्र शेवटपर्यंत आईवरच सोपवतात.

पिशवी काढणे हे एका माणसाचे काम नव्हे. लांब चिमटा, पारदर्शक भांडे आणि मदतीला दुसरा माणूस लागतो. पोसिलोथेरिया वंशाचे कोळी विजेच्या वेगाने पळतात. त्यांच्या दंशाने माणूस दगावल्याची नोंद नाही, परंतु स्नायूंत तीव्र वांब येतात व ते कित्येक दिवस पुन्हा पुन्हा येऊ शकतात. पिशवीसाठी झगडणारी आई ही तर अधिकच सावध असते.

उबवणी पेटी

पेटीची रचना साधी आहे. झाकण असलेला प्लॅस्टिकचा मोठा डबा घ्यावा. त्याच्या तळाशी दोन-तीन सेंटिमीटर पाणी घालावे. पाण्यात एक दगड किंवा उपडी वाटी ठेवून तिच्यावर लहान पेला ठेवावा. पेल्याच्या तोंडावर टिपकागद, कॉफी गाळण्याचा कागद किंवा नायलॉनच्या मोज्याचा तुकडा ताणून रबराने बांधावा, मात्र मधोमध थोडा झोळ राहू द्यावा. ह्या झोळीत अंडी एका थरात ठेवायची. मोठ्या डब्याला बारीक भोके पाडून त्यांवर तलम कापड लावायचे, म्हणजे हवा खेळते पण बारीक माश्या आत येत नाहीत. अशा माश्या अंड्यांवर आपली अंडी घालतात आणि त्यांच्या अळ्या दोन-चार दिवसांत सगळी पिशवी फस्त करतात.

तापमान साधारण २५ ते २८ अंश सेल्सिअस असावे. कोंबडीच्या अंड्यांच्या यंत्रात ते ३७.५ अंशांच्या आसपास ठेवतात, त्या मानाने हे बरेच कमी आहे. आपल्याकडील पावसाळ्यातल्या घराची ऊब जवळजवळ एवढीच असते. हवा दमट हवी, ओली नको. डब्याच्या भिंतीवर पाण्याचे थेंब जमून ओघळू लागले तर ओल जास्त झाली असे समजावे. अंड्यांवर खळगे पडू लागले तर ती कमी पडली. झाकणावरून थेंब अंड्यांवर पडता कामा नये, म्हणून झाकणाखाली एखादा कापडाचा तुकडा तिरपा बांधतात.

शेवटचे आणि रोजचे काम म्हणजे अंडी फिरवणे. दिवसातून दोन-चार वेळा झोळी हलकेच कलती करून अंडी घरंगळू द्यावीत, अथवा स्वच्छ मऊ कुंचल्याने सरकवावीत. एकाच बाजूवर पडून राहिलेले अंडे चपटे होते, शेजारच्याला चिकटते आणि कुजते. कोंबडीची अंडीही यंत्रात सतत फिरवावी लागतात व पिल्लू बाहेर येण्याच्या आधी तीन दिवस, म्हणजे अठराव्या दिवशी, फिरवणे थांबवतात. कोळ्याच्या अंड्यांना पाय फुटले की हे काम थांबते.

इथे एक गोष्ट मनात येते. डबा, पाणी, झोळी, कुंचला आणि तापमापक एवढ्या पाच वस्तू मिळून जे काम करतात ते ती मादी आठ पाय आणि तोंडाजवळचे दोन अवयव एवढ्यांवर करते, तेही अंधारात. पेटी म्हणजे आईचे उसने घेतलेले काम होय.

पारख

पिशवी उघडल्यावर आत काय आहे ह्याची पारख करायची. कोंबडीचे अंडे दिव्यासमोर धरून पाहता येते. इथे तसे करीत नाहीत, कारण अंडी उघडीच डोळ्यांसमोर असतात. पाहायच्या गोष्टी चार आहेत.

पहिली, रंग. चांगले अंडे लोण्यासारखे पिवळसर व अपारदर्शक असते. तपकिरी, करडे किंवा काळपट झालेले अंडे गेले असे समजावे. दुसरी, आकार. अंडे टपोरे असावे. थोडासा खळगा पडलेले अंडे ओल वाढवल्यावर कधीकधी सुधारते, पण पूर्ण सुरकुतलेले सुधारत नाही. तिसरी, सुटेपणा. चांगली अंडी साबुदाण्यासारखी सुटी घरंगळतात. चार-सहा अंडी एकमेकांना चिकटून गोळा झाली असतील तर त्यांतले एखादे फुटलेले आहे. चौथी, वास. निरोगी पिशवीला वास जवळजवळ नसतो. कुजकट वास आला तर त्याच क्षणी शोध घ्यावा, कारण एका अंड्यावरची बुरशी दोन दिवसांत शेजारच्या दहांवर जाते. खराब अंडे दिसले की ते रोजच्या रोज काढून टाकणे हीच सर्वांत उपयोगी काळजी होय.

मात्र एक सावधगिरी हवी. बीज न मिळालेले अंडेही पहिल्या काही दिवसांत तितकेच पिवळे, टपोरे आणि सुंदर दिसते. त्याची तकाकी म्हणजे त्याची पत नव्हे. नव्या दुकानाची पाटी पाहून त्याला उधार माल देऊ नये, असे आपले व्यापारी सांगतात. तसाच हा प्रकार. अंड्याची खरी पारख काळ करतो. तीन ते चार आठवड्यांनी सजीव अंड्याचे आवरण फाटते आणि त्यातून पांढुरके, दुमडलेले पाय बाहेर येतात. मागे पिवळा गोल बलक तसाच राहतो. अंड्यालाच पाय फुटले आहेत असे दिसते, आणि पाळणारे ह्या अवस्थेला तसेच म्हणतात. त्याला अजून धड चालता येत नाही व ते काही खात नाही, बलकावरच जगते. आणखी काही आठवड्यांनी ते कात टाकते. मग पोटावर गडद डाग दिसतो, केस येतात, हालचाल सुरू होते. जातीप्रमाणे आणखी एखादी कात पडल्यावर खरे पिल्लू तयार होते व बारीक किडे मारून खाऊ लागते. अंडी घातल्यापासून इथपर्यंत साधारण दोन ते तीन महिने लागतात.

नोंदवही

आता माझ्या शाखेच्या विषयाकडे येतो. पाळणाऱ्याने पहिल्या दिवसापासून नोंदवही ठेवावी असे सर्वच जाणते सांगतात. तारीख, तापमान, काढून टाकलेली अंडी, उरलेली अंडी, एवढे चार रकाने पुरतात. हिशेब कसा फसवा होऊ शकतो हे दाखवण्यासाठी एक काल्पनिक उदाहरण घेऊ.

समजा, पिशवीत १२० अंडी निघाली. त्यांपैकी ९ उघड खराब, १५ संशयास्पद आणि ९६ चांगली. व्यापारी खात्यात जशी बुडीत कर्जे वेगळी आणि संशयित कर्जे वेगळी दाखवतात, तसेच इथे करावे. ९ अंडी त्याच दिवशी खर्ची टाकावीत. १५ अंडी वेगळ्या झोळीत ठेवावीत, म्हणजे त्यांची बुरशी चांगल्यांना लागणार नाही आणि त्यांना संधीही मिळेल. पुढे १५ पैकी ६ सुधारली. ९६ पैकी १४ खराब झाली व ८२ राहिली. म्हणजे एकूण ८८ अंड्यांना पाय फुटले. काती टाकताना १० मेली. शेवटी ७८ पिल्ले हाती आली.

आता यशाचे प्रमाण किती? ७८ भागिले १२०, म्हणजे ६५ टक्के. परंतु एखादा हौशी म्हणेल, "माझी चांगली अंडी ९६ होती, त्यांतून ७८ पिल्ले, म्हणजे ८१ टक्क्यांहून जास्त." ह्या आकड्यात दोन दोष आहेत. एक, छेदातून २४ अंडी गुपचूप वगळली. दुसरा, वगळलेल्यांपैकी जी सुधारली त्यांची पिल्ले मात्र अंशात धरली. ताळेबंदात असे केले तर हिशेबतपासनीस सही करणार नाही. परंतु जिथे तपासनीस नाही तिथे असे आकडे सहज पसरतात, आणि पुढचा माणूस त्यांवर विसंबून आपली पेटी मांडतो.

ह्या नोंदवहीचा दुसराही उपयोग आहे. खराब अंडी पहिल्या आठवड्यात एकदम गेली असतील तर दोष बहुधा बीजाचा. रोज दोन-तीन जात राहिली असतील तर दोष ओलीचा किंवा बुरशीचा. पाय फुटल्यावर गेली असतील तर कात टाकताना हवा कोरडी पडली. एकूण घट सारखीच असली तरी तिची तारीख कारण सांगते. जमाखर्चात केवळ तोटा किती हे पाहून भागत नाही, तो केव्हा झाला हेही पाहावे लागते, हे तत्त्व आम्हांला पुस्तकातून शिकवले जाते. कोळ्याच्या अंड्यांत ते डोळ्यांनी दिसते.

बाजाराचे खाते

गुत्तीचा कोळी २००१ नंतर परदेशी बाजारात आला तेव्हा तो फार दुर्मिळ होता. अमेरिकेत त्याची किंमत पाचशे डॉलरच्या वर गेली होती. पुढे घरोघरच्या पेट्यांत त्याची अंडी उबू लागली, पुरवठा वाढला आणि पिल्लांची किंमत शंभर डॉलरच्या आत आली. मागणी-पुरवठ्याचा हा धडा आम्ही अर्थशास्त्राच्या पहिल्याच वर्षी शिकतो. किंमत उतरली की जंगलातून चोरून आणण्यातला नफाही उतरतो. म्हणून अंडी उबवणारे लोक म्हणतात की आम्ही ह्या कोळ्याचे रक्षणच करीत आहोत.

ह्या म्हणण्यात तथ्य आहे. ज्या जातीची पिल्ले पेटीत शेकड्यांनी होतात तिच्यासाठी जंगलात जाऊन ढोली फोडण्याची गरज उरत नाही. पण त्याला मर्यादाही आहेत. जंगलातून आणलेला कोळी आणि पेटीत जन्मलेला कोळी दिसायला सारखेच. विकणाऱ्याने 'पेटीतला' म्हटले आणि विकत घेणाऱ्याने पुरावा मागितला नाही, तर चोरीचा मालही त्याच काउंटरवरून जातो. ह्यासाठीच वन्य जातींच्या आंतरराष्ट्रीय व्यापाराचे नियमन करणारा 'साइटीस' हा करार आहे. पोसिलोथेरिया हा वंश केवळ भारतात व श्रीलंकेत आढळतो. २०१९ मध्ये जिनिव्हा येथील परिषदेत हा सगळा वंश कराराच्या दुसऱ्या परिशिष्टात घालण्यात आला. तेव्हापासून सीमेपार जाणाऱ्या प्रत्येक कोळ्याला कागदपत्र लागते. आपल्या वन्यजीव (संरक्षण) अधिनियम, १९७२ मध्ये २०२२ साली जी दुरुस्ती झाली आणि १ एप्रिल २०२३ पासून अमलात आली, तिने कराराच्या परिशिष्टांतील जाती आपल्या कायद्याच्या कक्षेत आणल्या. म्हणून वाचकांना आवर्जून सांगावेसे वाटते की हा लेख अभ्यासासाठी आहे. तो वाचून कोणी डबा घेऊन रानात जाऊ नये.

जंगलाचे खाते

आता मुख्य मुद्दा. पेटीत शंभर पिल्ले जन्मली, ही एका खात्यातील जमा आहे. नंद्यालच्या रानात एक जुने झाड पडले आणि त्याबरोबर एक ढोली गेली, हा दुसऱ्या खात्यातील खर्च आहे. ही दोन खाती वेगळी आहेत. पहिल्यातील जमा दाखवून दुसऱ्यातील तूट भरून निघाली असे म्हणणे म्हणजे एका फर्मच्या नफ्याने दुसऱ्या फर्मचे दिवाळे झाकणे होय. परदेशातील पेट्यांत जन्मलेली पिल्ले नंद्यालला परत येत नाहीत. त्यांची वंशावळ बहुधा कोणी लिहून ठेवलेली नसते, भाऊबहिणींतच अनेक पिढ्या जोड्या लागलेल्या असतात, आणि त्यांच्याबरोबर कोणता रोग येईल ह्याचा भरवसा नसतो. समजा, सोडली तरी ती जाणार कुठे? ढोली पेटीत बनत नाही. ती बनायला झाडाला कित्येक वर्षे म्हातारे होऊ द्यावे लागते.

रानात ह्या वंशाची पिल्ले पिशवीतून बाहेर पडल्यावर काही काळ आईबरोबर त्याच ढोलीत राहतात. मोठ्या कोळ्यांत हे विरळाच दिसते. म्हणजे त्या एका ढोलीत उबवणी पेटी, रोजची नोंदवही आणि पाळणाघर हे सगळे एकत्र असते, आणि त्याचे भाडे कोणाला द्यावे लागत नाही. आपल्या पश्चिम घाटातही थ्रिग्मोपिअस नावाचे टॅरँटुला आहेत. ते मातीच्या दरडीत बिळे करून राहतात. हा वंशदेखील पोकॉकने १८९९ मध्येच नोंदला, आणि तो पश्चिम घाटाबाहेर कोठेही नाही. रस्ता रुंद करण्यासाठी दरड तासली जाते तेव्हा त्या दरडीचे मूल्य अंदाजपत्रकात 'माती काढणे, इतके घनमीटर' एवढेच लिहिले जाते. तिच्यातील बिळांसाठी रकानाच नसतो.

मला वाटते, अंडी उबवण्याची ही विद्या शिकण्यासारखी आहे ती पिल्ले विकण्यासाठी नव्हे. तीन महिने रोज दोन-चार वेळा शंभर अंडी फिरवणाऱ्याला आईच्या कामाची किंमत कळते. कोणते अंडे कधी गेले ह्याची खरी नोंद ठेवणाऱ्याला आपल्या आकड्यांशी प्रामाणिक राहण्याची सवय लागते. आणि ज्याला हे दोन्ही कळले तो जंगलाच्या खात्यावर पेटीची जमा दाखवणार नाही. वाणिज्याच्या विद्यार्थ्यांनी उद्या बँकांत, कंपन्यांत, सरकारी कचेऱ्यांत हिशेब लिहायचे आहेत. तिथे कुठे तरी एखाद्या प्रकल्पाच्या कागदावर ढोलीचा किंवा दरडीचा रकाना राहून गेलेला दिसेल. तो रकाना आखण्याचे काम आपले आहे.

तसबिरीमागच्या त्या पांढऱ्या टिकलीला मात्र यंदा केरसुणी लावण्यापूर्वी क्षणभर थांबावे, एवढी वाचकांना विनंती. आत मोजदाद चालू असते.